उन्हात ठेवलेले सेल

आमच्या बपेऱ्यात 'बॅटरी' या शब्दाला माझ्या लहानपणी एकच अर्थ होता : हातात धरून रात्री वावरात जायचा तीन सेलांचा लांबट पत्र्याचा दिवा. पुस्तकी मराठीत त्याला विजेरी म्हणतात. पण तो शब्द प्रत्यक्ष बोलणारा माणूस एम. ए.साठी नागपूरला जाईपर्यंत मला भेटला नव्हता. त्यामुळे २०२१ च्या दसऱ्याला विजेवर चालणारी मोटार दारात उभी करून "हिच्यात इंजिन नाही, बॅटरी आहे" असे मी सांगितले, तेव्हा आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, गाडीला एक फेरी घातली, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारले, "किती सेलची हाय?"

जमलेली मंडळी हसली. मीही हसलो. पुढे वाचन करता करता लक्षात आले की त्या दिवशी दारात विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत शास्त्रशुद्ध प्रश्न तेवढा एकच होता. गाडीच्या पोटातली ती अवजड पेटी म्हणजे शेवटी एकमेकांना जोडलेले सेलच आहेत.

बपेरा हे तुमसर तालुक्याच्या अगदी टोकाचे गाव. बावनथडी ओलांडली की मध्यप्रदेश लागतो आणि रस्ता बालाघाटकडे निघून जातो. कुणाच्या घरात पोवारी, कुणाच्या घरात झाडीबोली, बाजारात हिंदी आणि माझ्या वर्गात प्रमाण मराठी, असा आमच्याकडचा भाषाव्यवहार आहे. मी तुमसरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. रोजचे जाणे-येणे पन्नास-साठ किलोमीटरांचे. त्या वर्षी पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली होती. जुलैत राज्याचे नवे विद्युत वाहन धोरण आले होते. वाहनकर माफ होता. हिशेब बरोबर होता, असे आजही म्हणता येईल. शिवाय २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात दोनशे विद्युत वाहनांचा टॅक्सी-प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यातल्या एका गाडीत मी बसलो होतो. चालक चार्जिंगच्या रांगेविषयी वैतागून बोलत होता, आणि मी मात्र त्या गाडीच्या शांततेनेच भारावून गेलो होतो. माणूस वाहन घेतो तेव्हा नुसता हिशेब करत नाही. असो.

गाडीचे नाव येथे लिहीत नाही. जाहिरातही नको आणि तक्रारही नको.

पहिल्या रात्री गाडी चार्ज झालीच नाही. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला वायर लावली की चार्जरवर लाल दिवा लागे. गावातल्या वायरमनने सॉकेट उघडून पाहिले आणि निदान केले की घराला अर्थिंगच नाही. गेली तीस वर्षे आमच्या घरात पंखे फिरत होते, दिवे लागत होते, मिक्सर कधीमधी झटका देत होता, आणि अर्थिंगची तिसरी तार भिंतीत कोठेतरी लोंबकळत संपलेली होती. घराला जे कधी खटकले नाही ते गाडीला पहिल्याच रात्री खटकले. मग आवारात तुळशीवृंदावनापासून चार हातांवर खड्डा खणला गेला. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर माती लोटली. दिवा हिरवा झाला.

पण मे महिन्यात तो पुन्हा लाल होऊ लागला. माती वाळली की तिच्यातून वीज नीट जिरत नाही, म्हणून खड्ड्यात ओल राखावी लागते. तेव्हापासून उन्हाळ्यात आई सकाळी तुळशीला तांब्याभर आणि अर्थिंगला बादलीभर पाणी घालते. या वाहनाच्या देखभालीचे जे काही नियमित काम आहे त्यातले हे सर्वांत नियमित, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही.

विजेच्या बिलाविषयी लोक फार विचारतात, म्हणून एकदाच सांगून टाकतो. एका युनिटमध्ये गाडी साधारण सात किलोमीटर जाते. चार्ज होताना वाया जाणारी वीज धरली तर महिन्याला दोनशे युनिटे लागतात. घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे युनिटांवर बदलतात, आणि आमचे घर आधी सव्वाशेच्या आसपास असे. म्हणजे गाडीची बहुतेक युनिटे दुसऱ्या टप्प्यात जातात आणि शेवटची पंचवीस-तीस तिसऱ्या टप्प्यात. तरीही पेट्रोलच्या मानाने महिन्याला सहा-सात हजार रुपये वाचतात. मंजूर भार वाढवून घ्यावा लागला तो खर्च वेगळा. गाड्यांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र दराचा वेगळा मीटरही मिळतो. मी तो घेतला नाही. आळस, दुसरे काय!

मूळ अडचण पैशांची नव्हती. माझा चार्जर सुमारे तीन किलोवॉट भार घेतो. हा आकडा मला काही सांगत नव्हता. एक दिवस अश्वशक्तीत मांडून पाहिला तर तो निघाला चार. मोठ्या बाबांच्या विहिरीवरचा पंप पाच अश्वशक्तीचा. ते पंपाला मोटर म्हणतात, मी गाडीला मोटार म्हणतो, आणि दोन्ही जवळजवळ सारखीच तहानलेली आहेत. फरक असा की माझ्या मोटारीला वीज दिवसरात्र मिळत होती आणि त्यांच्या मोटरीला पाळीने. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असे. उन्हाळी धानाला पाणी किती लागते हे धानपट्ट्यातल्या वाचकाला सांगायला नको. रात्रपाळी आली की मोठे बाबा अकरा-बाराला बॅटरी घेऊन निघत, आणि निघताना आमच्या दारावरून जात. दारात माझी गाडी उभी, तिच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकतोय.

२०२२ च्या मे महिन्यात एका रात्री आमच्या गल्लीच्या डीपीवरचा फ्यूज उडाला आणि सगळा मोहल्ला पहाटेपर्यंत उकाड्यात बसला. प्रत्येक घरात कूलर चालू होते, भार सर्वांचाच होता. पण मला कोणी काही विचारले नाही यावरूनच मी समजलो. गावात ज्याच्याविषयी बोलणे चालते त्याला विचारत नाहीत. दोन दिवसांनी आईने सांगितले की मोठी माय म्हणाली, "मास्तरच्या गाडीनं सारी वीज पेली."

मी शिक्षकी पेशाचा माणूस. कागद-पेन्सिल घेऊन मोठ्या बाबांकडे गेलो आणि आकृती काढून समजावले. गावठाणाची वाहिनी वेगळी, शेतीची वाहिनी वेगळी. माझी गाडी बंद ठेवली म्हणून तुमच्या पंपाला एक मिनिटही जास्त वीज मिळणार नाही. त्यांनी आकृती नीट पाहिली. मग म्हणाले, "तार अलग हाय, बाबू. पन वीज तं एकाच घरून येते ना?"

वर्गात एखादा विद्यार्थी असे बोलला असता तर मी त्याला थांबवून विषयावर आणले असते. येथे विषय कोणता हेच मला नक्की ठरवता येईना. सोंड्याटोल्याची उपसा सिंचन योजना बावनथडीचे पाणी विजेच्या पंपांनी उचलून चांदपूरच्या जलाशयात नेते. आमच्या भागात नदीलासुद्धा वीज लागते, आणि वीज कोणाला केव्हा मिळावी हे कोठेतरी ठरते. ते ठरवताना धानाच्या बांधीआधी माझ्या अंगणातल्या सॉकेटचा नंबर लागला होता, एवढे तर खरेच होते. मी त्या दिवसापासून एक केले : संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत गाडी लावायची नाही. त्याने डीपीला थोडी उसंत मिळाली असेल. मोठ्या बाबांच्या रात्रपाळीत काही फरक पडला नाही.

येथे एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आधीच सांगायला हवी होती. गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मी वडिलांच्या वाटणीतला रस्त्याकडचा अर्धा एकर विकून उभा केला. वडील २०१९ मध्ये गेले. ते असते तर विकला नसता. मोठ्या बाबांनी विरोध केला नाही. सहीच्या दिवशी तुमसरला बरोबर आले, कचेरीबाहेर चहा घेतला, आणि बसमध्ये परत येताना एवढेच म्हणाले, "वावर बुढं नाई होत, बाबू. तुही गाडी होईल." गेली चार वर्षे गाडीची देखभाल करताना मी वस्तुतः या एका वाक्याशी वाद घालत आलो आहे, असे आता वाटते.

बॅटरी म्हातारी होऊ नये म्हणून काय करावे हे मी जेवढे वाचले तेवढे माझ्या प्रबंधासाठीही वाचले नव्हते. त्यात एक गंमत हाती लागली. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी आमच्याच तालुक्यात आहेत. इंग्रजांच्या काळापासून खणल्या जाणाऱ्या या पट्ट्यातल्या खाणी १९६२ पासून मॉयल या कंपनीकडे आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून जे मँगनीज डायऑक्साइड निघते ते कोरड्या सेलांसाठी वापरले जाते. सेल फोडल्यावर मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती काळी भुकटी निघते, ती हीच. लहानपणी आम्ही संपलेले सेल दगडाने फोडून कांडीने भिंतीवर लिहीत असू, आणि शाळेचे गुरुजी ती भुकटी पानांच्या रसात कालवून फळा काळा करीत. अक्षरे गिरवली ती त्या काळ्या फळ्यावर, म्हणजे एका अर्थी तालुक्यातल्याच मातीवर.

सेल विझत आले की वडील ते दुपारच्या उन्हात कौलावर मांडून ठेवत. उन्हाने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि सेल आणखी एखादी रात्र काढतो. शास्त्र त्यांना माहीत नव्हते, अनुभव होता. कौलावर ओळीने सेल मांडलेले दिसले की आज रात्री पाण्याची पाळी आहे हे घराला कळे.

माझ्या गाडीच्या बॅटरीचा धर्म नेमका उलटा. ऊन तिचा शत्रू. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात गाडी उघड्यावर ठेवली की आतली शीतकरणाची यंत्रणा धडपडत राहते, आणि उष्णता वर्षानुवर्षे सेलांचे आयुष्य कुरतडते. म्हणून मी ती कडुनिंबाखाली लावतो, प्रवासातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावत नाही, पहाटेच्या गारव्याची वाट पाहतो. बाप सेल उन्हात मांडत होता, मुलगा सावली शोधत फिरतो.

आणि मँगनीज? विजेवरच्या मोटारींच्या इतिहासात त्याला मान आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत मायकेल थॅकरे यांनी मँगनीजची एक रचना लिथियमच्या घटासाठी उपयुक्त असल्याचे दाखवले, आणि २०१० मध्ये आलेल्या निसान लीफ या मोटारीच्या बॅटरीत मँगनीज होतेच. पण माझ्या गाडीत ते औषधालाही नाही. तिचे सेल लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचे. या रचनेचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही गुडइनफ होते, आणि पहिले नाव अक्षय पाधी यांचे. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत गुडइनफ होते. तालुक्यातली माती माझ्या गाडीत असावी अशी माझी फार इच्छा होती. नाही, तर नाही.

लोह-फॉस्फेटच्या या सेलांचा स्वभाव मात्र ओळखीचा निघाला. ते सहसा पेट घेत नाहीत, भरपूर वेळा भरता-रिकामे करता येतात, पण आपल्यात किती शिल्लक आहे ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. भरलेल्या आणि अर्ध्या अवस्थेत त्यांचा विद्युतदाब जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे गाडीचा हिशेब हळूहळू चुकू लागतो. म्हणून अधूनमधून शंभर टक्के भरून तिला तिचे माप पुन्हा आठवून द्यावे लागते. मी पहिले वर्षभर सगळ्या बॅटऱ्यांना लावतात तो ऐंशी टक्क्यांचा नियम कसोशीने पाळला आणि एकदा खापा फाट्याच्या अलीकडे बावीस टक्क्यांवरून दहावर गाडी धाडकन उतरलेली पाहिली. तेव्हापासून रविवारी पूर्ण भरतो.

यांत्रिक देखभालीविषयी सांगण्यासारखे फार नाही, आणि तेच तुमसरच्या माझ्या मेकॅनिकचे दुःख. वडिलांच्या स्कूटरपासून आमची वाहने त्याच्याच हाताखालून गेली. नवी गाडी मी कौतुकाने दाखवायला नेली. त्याने बॉनेट उघडले, आत पाहिले, केशरी रंगाच्या जाड तारा पाहून हात मागे घेतला आणि म्हणाला, "सर, यात आमच्यासाठी काही ठेवलंच नाही." ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही. वर्षातून एकदा नागपूरला नेतो. तेथे चाळण्या बदलतात, शीतक द्रव तपासतात, संगणक जोडून एक कागद देतात. ब्रेक फारसे झिजत नाहीत, कारण वेग कमी करताना मोटारच जनित्रासारखी चालून वीज परत भरते. टायर मात्र लवकर गेले, गाडीच्या वजनाने. धानकापणीच्या दिवसांत उंदीर बॉनेटखाली संसार थाटतात. एकदा त्यांनी एक तार कुरतडली, तो खर्च सगळ्या वर्षाच्या सर्व्हिसिंगहून अधिक झाला. मेकॅनिककडे मी आता टायरमध्ये हवा भरायला जातो. तो पैसे घेत नाही. मला ते घेतले तर बरे वाटेल.

२०२३ च्या डिसेंबरातली एक सकाळ सांगितली पाहिजे. परीक्षेचे काम होते, साडेसातला निघायचे होते, आणि गाडीचे दारच उघडेना. आदल्या रात्री अठ्ठ्याहत्तर टक्के दाखवत होती. फोनवर बराच वेळ गेल्यावर उलगडा झाला. या गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज साध्या मोटारीतली बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते, कुलपे, दिवे आणि संगणक तिच्यावर चालतात, आणि तीच मेली होती. एवढी मोठी शक्ती पोटात घेऊन गाडी निपचित पडली होती. मोठे बाबा ट्रॅक्टर घेऊन वावरात निघाले होते. थांबले, काय झाले ते ऐकले, काही न बोलता ट्रॅक्टर गाडीच्या नाकाला भिडवला आणि दोन तारा जोडल्या. डिझेलच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीने विजेची मोटार जागी झाली. याच्यावर ते आयुष्यभर बोलू शकले असते. बोलले नाहीत, हे मी त्यांचे मोठेपण मानतो. पोळ्याच्या दिवशी मात्र चारचौघांत एकदा निघालेच.

गेल्या दिवाळीत नागपूरच्या कागदावर बॅटरीचे आरोग्य एक्क्याण्णव टक्के लिहून आले. गाडी पासष्ट हजार किलोमीटर चालली आहे. सुरुवातीला एका भरण्यात दोनशे दहा-पंधरा जात असे, आता एकशे नव्वद-पंच्याण्णव. हे वाईट नाही. जाणकार म्हणतात, उत्तम आहे. हमी आठ वर्षांची आहे, म्हणजे २०२९ च्या दसऱ्यापर्यंत. त्यानंतर काय, असे आई विचारते. मी सांगतो की त्यानंतरही चालेल, थोडी कमी. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला सहज किंमत विचारली होती. त्याने जो आकडा सांगितला तो मी घरी सांगितला नाही. रस्त्याकडच्या अर्ध्या एकराच्या शेजारची जमीन नुकतीच विकली गेली. तो आकडा मला घरच्यांनी सांगितला. दोन्ही आकडे एका कागदावर मांडायचे धाडस अजून झालेले नाही.

मधल्या काळात मोठ्या बाबांकडे सौर पंप आला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के हिस्सा भरून त्यांनी तो घेतला, आणि बांधावर पट्ट्यांची चौकट उभी राहिली. आता पाणी दिवसा. रात्रपाळी संपली. बैल धुवावेत तशा ते आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने त्या पट्ट्या पुसतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारले, "तुही गाडी लागल का याच्यावर?" मी सांगितले की नाही लागणार, या पट्ट्या पंपाच्या पेटीला बांधलेल्या आहेत, गाडीला लागते तशी वीज तिच्यातून बाहेर येत नाही. त्यांना याचा फार आनंद झाला. "म्हंजे माह्या सूर्यावर तुही गाडी नाई चालत," असे ते त्या संध्याकाळी तीन जणांना सांगताना मी ऐकले.

तुमसरला दवाखान्यात जायचे असले की ते आता गाडीतच येतात. पुढे बसतात, खिडकी थोडी उघडी ठेवतात आणि सिहोरा आले की पडद्याकडे बोट दाखवून विचारतात, "किती उरली?" मी आकडा सांगतो. ते मान हलवतात, जणू आपणच ती जपून वापरली आहे.

रात्रपाळी संपली तरी रानडुकरे आहेतच, त्यामुळे धान लोंबीला आला की राखण चुकत नाही. पत्र्याची तीन सेलांची बॅटरी केव्हाच मोडीत गेली. आता त्यांच्याकडे चार्जिंगची आहे. पण ते राहतात वावरातल्या घरात आणि तेथे अजून घरगुती मीटर नाही, पंपाच्या पट्ट्या बॅटरीच्या काय कामाच्या! म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास ते आमच्या अंगणात येतात, ती गाडीशेजारच्या सॉकेटला लावतात आणि आईने दिलेला चहा घेत ओट्यावर बसतात. सात वाजता उठून काढून नेतात. परवा मी म्हटले, रात्रभर राहू द्या, पूर्ण भरेल. तर म्हणाले, "सातनंतर नाई लावाची ना? तूच तं सांगतलं होतं, डीपीवर लोड येते म्हून."